'सुरू' म्हटलं की 'शिजाखादा' नव्हे: कोरियनमधलं एक रोजचं क्रियापद टप्प्याटप्प्याने वापरायला शिका

कोरियन शिकणाऱ्या मराठी माणसाच्या वहीत पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच एक ओळ दिसते: शिजाखादा म्हणजे सुरू करणे. ओळ चूक नाही. पण तेवढ्यावर थांबलं की पुढचे सहा महिने चुका होत राहतात. पंखा सुरू केला, शिजाखादा. गाडी सुरू झाली, शिजाखादा. पाऊस सुरू आहे, तिथेही शिजाखादा. ही तिन्ही वाक्यं कोरियन माणसाच्या कानाला खटकतात, आणि पहिली दोन तर त्याला नीट कळतही नाहीत.

चूक शब्द न आठवल्याची नसते, क्रमाची असते. बहुतेक जण आधी क्रियापद उचलतात, मग त्याला शेवट लावतात आणि प्रत्यय सुचला तर सुचला. क्रम उलटा हवा. आपल्या वाक्यातलं 'सुरू' नेमकं कुठलं, ते आधी ठरवायचं. मग कोण काय सुरू करतंय ते, त्यानंतर प्रत्यय, आणि समोर कोण बसलंय त्यावरून शब्दाचा शेवट अगदी अखेरीस. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. उड्या मारू नका, विशेषतः पहिला टप्पा सोडून पुढे जाऊ नका.

## तयारी: शब्द डोळ्यांना आणि कानांना ओळखीचा करा

या लेखात कोरियन उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण वहीत मात्र हंगुल लिपीतच लिहा. शब्दात चार अक्षरगट आहेत. (शिओत, चिउत, कियॉक, हिउत, तिगुत ही हंगुलमधल्या व्यंजनांची नावं.) पहिल्यात शिओत आणि इ. दुसऱ्यात चिउत, आ आणि खाली कियॉक. तिसऱ्यात हिउत आणि आ. चौथ्यात तिगुत आणि आ. एवढं वाचून चारही गट स्वतः लिहा आणि नेव्हर या कोरियन संकेतस्थळावरच्या शब्दकोशात पडताळा. लिपी अजून पक्की नसेल तर आधी ती करा. देवनागरीवर भागवायची सवय लागली की पुढे सातव्या टप्प्यावर अडायला होतं.

देवनागरी वाचताना चार गोष्टी पाळा:

- 'ऑ' आणि 'ओ' हे दोन वेगळे स्वर आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.
- ऱ्हस्व 'उ' दिसला की ओठ गोल न करता, बाजूला ताणून म्हणा. दीर्घ 'ऊ' म्हणजे आपला नेहमीचा, गोल ओठांचा.
- 'ज' नेहमी 'जय'मधला, 'जग'मधला कधीच नाही. 'च'सुद्धा 'चार'मधला.
- क्क, स्स, श्श अशी जोडाक्षरं घसा किंचित आवळून, हवा न सोडता म्हणायची.

आता उच्चार. लिहिताना 'शिजाक' आणि 'हादा' असे दोन तुकडे आहेत. शिजाक म्हणजे आरंभ, हादा म्हणजे करणे. एकत्र म्हणताना कियॉक आणि हिउत मिळून 'ख' होतो, म्हणून शिजाखादा. महाप्राण आपल्या तोंडात बसलेले असल्यामुळे मराठी माणसाला हा 'ख' सहज जमतो. अडतो तो सुरुवातीचा 'शि'. लिपीत शिओत दिसतो म्हणून 'सि' म्हणायचा मोह होतो. 'इ'च्या आधी शिओतचा उच्चार 'श'कडे झुकतो, हे आत्ताच लक्षात ठेवा.

तपासा: शिजाक, शिजागि, शिजाखादा हे तिन्ही पाठोपाठ म्हणून पाहा. एकाच कियॉकचे तीन उच्चार आहेत. शब्द तिथेच संपला तर 'क', पुढे स्वर आला तर 'ग', पुढे हिउत आला तर 'ख'. 'शिजागि पानिदा' ही म्हण कोरियात लहान पोरालाही ठाऊक असते. आरंभ झाला म्हणजे निम्मं काम झालं, असा तिचा अर्थ. ती रोज मोठ्याने म्हणा, मधला 'ग' आपोआप बसेल.

## टप्पा १: मराठी 'सुरू' आधी गाळून घ्या

मराठीत 'सुरू' हा शब्द फार पसरलेला आहे. यंत्र चालू करणे, दुकान उघडणे, गाडी सुटणे, एखादी गोष्ट चालू असणे, या सगळ्याला आपण 'सुरू' म्हणतो. कोरियनमध्ये यातल्या प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे. म्हणून वाक्य बनवण्याआधी स्वतःला पुढचे प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर शिजाखादा बाजूला ठेवा.

यंत्र, दिवा, पंखा, टीव्ही, फोन आहे का? मग क्रियापद ख्यॉदा. पंखा सुरू करा म्हणजे 'सॉन्फूंगगिरुल ख्यॉ जूसेयो'. इथे शिजाखादा वापरलं तर ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो, की पंख्याचं काय सुरू करायचं आहे?

गाडीचं इंजिन आहे का? मग 'शिदोंगुल कॉल्दा'. गाडी किंवा बस सुटली असं म्हणायचं असेल तर 'छूल्बाल्हादा'. 'बस सुरू झाली' हे मराठीत दोन्ही अर्थांनी चालतं, त्यामुळे आधी मनाशी ठरवा, इंजिन सुरू झालं की बस निघाली.

दुकान, बँक, कार्यालय सकाळी उघडलं का? मग 'मूनुल यॉल्दा', म्हणजे शब्दशः दार उघडणे. नवा धंदा काढला असेल तर मात्र शिजाखादा बरोबर आहे: 'साऑबुल शिजाखेस्सॉयो'.

'सुरू आहे' असं म्हणायचंय का? सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शिजाखादामध्ये फक्त आरंभाचा क्षण आहे, चालू असण्याची स्थिती त्यात नाही. पाऊस सुरू आहे म्हणजे 'पिगा ओगो इस्सॉयो' किंवा नुसतं 'पिगा वायो'. तास सुरू आहे म्हणजे 'सूऑप चूंगिएयो'. वर्गाच्या दारावर कोणी 'आत काय चाललंय?' असं विचारलं आणि तुम्ही 'शिजाखेस्सॉयो' म्हणालात, तर त्याला कळेल की तास आत्ताच सुरू झाला. अर्थ बदलला.

अजून घडलेलं नाही, पण होईलसं वाटतंय का? 'पाऊस सुरू होणार बहुतेक' यासाठी 'पिगा ओर्यॉगो हेयो' म्हणतात. शिजाखादा नको.

सगळ्यांना 'नाही' आलं तरच पुढे जा. गाळल्यावर जे उरतं ते साधारण असं: काम, अभ्यास, व्यायाम, धंदा, बैठक, तास, चित्रपट, सुट्टी, परीक्षा, आणि 'करायला लागणे' या घाटाची सगळी वाक्यं.

सावधान: फोनची भाषा कोरियन केलीत तर यंत्रांच्या संदर्भातही शिजाक दिसेल. विंडोजच्या कोरियन आवृत्तीत स्टार्टचं बटण 'शिजाक' आहे आणि रीस्टार्टला 'ताशि शिजाक' लिहिलेलं असतं. अनेक कोरियन ॲपच्या पहिल्या पडद्यावर 'शिजाखागि' असं बटण असतं. ते पाहून गोंधळू नका. तिथे काम नव्याने हाती घेण्याचा अर्थ आहे. कळ दाबून उपकरण चालू करायला ख्यॉदाच.

## टप्पा २: कोणी सुरू केलं, की आपलं आपण झालं

मराठीत 'सुरू करणे' आणि 'सुरू होणे' अशी जोडी आहे. कोरियनमध्ये शिजाखादा आणि शिजाक्त्वेदा. कोणी काही सुरू करत असेल आणि ती गोष्ट वाक्यात असेल, तर शिजाखादाच.

'हान्गूगॉ कोंगबूरुल शिजाखेस्सॉयो.' (मी कोरियनचा अभ्यास सुरू केला.)

करणारा महत्त्वाचा नसेल, ठरल्या वेळी ते होतच असेल, तर शिजाक्त्वेदा.

'यॉंगह्वागा शिजाक्त्वेस्सॉयो.' (चित्रपट सुरू झाला.)

कोरियन लोक बोलताना दुसऱ्या प्रकारच्या वाक्यातही शिजाखादा सर्रास वापरतात. 'सूऑबि आहोप श्शिए शिजाखेयो', तास नऊला सुरू होतो, हे अगदी रुळलेलं वाक्य आहे. तेव्हा असं ऐकलं तर ते चूक समजू नका. उलट दिशा मात्र बंद आहे. शिजाक्त्वेदाला कर्म कधीच लागत नाही. 'यॉंगह्वारुल शिजाक्त्वेस्सॉयो' हे कुठल्याच कोरियन माणसाच्या तोंडून ऐकू येणार नाही.

शिकताना दोन्ही वेगळे ठेवा. सैल वापर कानाला लागला की पुढे आपोआप येतो.

तपासा: वाक्यात 'उल' किंवा 'रुल' (कर्माचा प्रत्यय) आहे? मग हादा. फक्त 'इ' किंवा 'गा' (कर्त्याचा प्रत्यय) आहे? मग त्वेदा, आणि शंका असेल तर हादा.

## टप्पा ३: प्रत्यय लावा

कोरियन वाक्याचा क्रम मराठीसारखाच आहे, कर्ता, कर्म, क्रियापद. त्यामुळे शब्द कुठे ठेवायचे याची चिंता नाही. अडचण दुसरीकडेच आहे. 'मी काम सुरू केलं' या वाक्यात 'मी'ला काही लागत नाही आणि 'काम'लाही नाही. निर्जीव कर्म आपल्याकडे उघडंच असतं. म्हणून मराठी माणूस कोरियनमध्येही कर्म उघडं ठेवतो. घरगुती बोलण्यात ते खपतं. लेखनात, परीक्षेत आणि कामाच्या जागी खपत नाही.

कर्माचा शेवट व्यंजनाने होत असेल तर उल, स्वराने होत असेल तर रुल. काम म्हणजे इल, म्हणून इरुल (शेवटचा ल पुढच्या स्वरामुळे र होतो). बैठक म्हणजे ह्वेइ, म्हणून ह्वेइरुल.

वेळ सांगताना 'ए' लावा: 'आहोप श्शिए शिजाखेयो', नऊ वाजता सुरू होतं. 'पासून' म्हणायचं असेल तर 'बूथॉ': 'इल्ग्वाबूथॉ शिजाखाप्शिदा', पहिल्या धड्यापासून सुरू करू या. तास, बैठक अशा गोष्टींच्या वेळेसाठी दोन्ही चालतात, एकाच वेळेला दोन्ही मात्र नकोत.

जागेसाठी 'एसॉ'. 'हान्गांगुन थेबेगेसॉ शिजाक्त्वेयो' म्हणजे हान नदी थेबेकमध्ये उगम पावते. सोलमधून वाहणाऱ्या या नदीचं मूळ गांगवॉन प्रांतातल्या थेबेक गावाजवळच्या झऱ्यात आहे, म्हणून हे वाक्य भूगोलाच्या धड्यात भेटतंच. आपण नदीला 'उगम पावते' म्हणतो, तिथे कोरियनला हेच साधं क्रियापद पुरतं.

'अमुक अक्षराने सुरू होणारा' यासाठी 'रो' किंवा 'उरो' लागतो. 'गारो शिजाखानुन माल', म्हणजे 'गा'ने सुरू होणारा शब्द. कोरियन मुलं शब्दांची भेंडी खेळतात, तिचं नाव क्कुन्मारित्कि. मागच्याच्या शब्दाचं शेवटचं अक्षर घेऊन पुढच्याने शब्द सांगायचा. आपल्या भेंड्यांची सवय असलेल्याला हा खेळ सरावासाठी फार उपयोगी आहे. प्रत्येक डावाला 'रो शिजाखानुन' म्हणायचं ठरवून खेळा.

## टप्पा ४: 'करायला लागणे' म्हणजे 'गि शिजाखादा'

सगळ्यात मन लावून शिकावा असा हाच टप्पा. 'रडायला लागला', 'शिकायला लागलो', 'पाऊस पडू लागला' या सगळ्याला कोरियनमध्ये एकच साचा आहे. क्रियापदातला शेवटचा 'दा' काढा, 'गि' लावा, जागा सोडा आणि शिजाखादा लिहा.

1. मूळ रूप घ्या: ऊल्दा (रडणे).
2. दा काढा: ऊल्.
3. गि लावा: ऊल्गि.
4. पुढे शिजाखादा, हव्या त्या काळात: 'आइगा ऊल्गि शिजाखेस्सॉयो.' मूल रडायला लागलं.

आता चुका. पहिली: 'गि'च्या आधी भूतकाळ लावणे. पाऊस 'आला' म्हणून 'वात्कि शिजाखेस्सॉयो' असं काही जण लिहितात. काळ फक्त शेवटच्या क्रियापदाला लागतो. 'गि'च्या आधी क्रियापद उघडं राहतं: 'पिगा ओगि शिजाखेस्सॉयो'.

दुसरी: अनियमित क्रियापदांत नसता बदल करणे. तुत्ता (ऐकणे) याचं 'तुरॉयो' होतं हे पाठ असतं, म्हणून 'तुल्गि शिजाखेस्सॉयो' लिहिलं जातं. ते बदल पुढे स्वर आला की होतात. 'गि' व्यंजनाने सुरू होते, म्हणून मूळ रूप जसंच्या तसं: 'तुत्कि शिजाखेस्सॉयो'. चालणे, कॉत्ता, तेही तसंच: 'कॉत्कि'.

तिसरी: 'गि'च्या मागे कर्माचा प्रत्यय लावणे. 'मॉक्किरुल शिजाखेस्सॉयो' कानाला अवघडलेलं लागतं. 'पाबुल मॉक्कि शिजाखेस्सॉयो' असं म्हणा. जेवणाला उल लागला, तेवढा पुरे.

चौथी चूक पावसाची, आणि ती आपल्या भाषेतूनच येते. 'पाऊस सुरू झाला' याचं 'पिगा शिजाक्त्वेस्सॉयो' असं सरळ भाषांतर होतं. व्याकरणाने त्यात काही मोडत नाही, पण कोणी तसं बोलत नाही. कोरियनमध्ये पाऊस 'येतो', म्हणून त्याचं येणं सुरू होतं: 'पिगा ओगि शिजाखेस्सॉयो'. बर्फाचंही तेच: 'नूनि ओगि शिजाखेस्सॉयो'. पण पावसाळी हंगाम, चांगमा, हा तास किंवा सुट्टीसारखा काही काळ चालणारा प्रसंग आहे, म्हणून 'चांगमागा शिजाक्त्वेस्सॉयो' अगदी बरोबर. कोरियात चांगमा साधारण जूनच्या अखेरीस सुरू होतो, आणि त्या दिवसांत हवामानाच्या बातम्यांत हे वाक्य ऐकू येतंच. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून ठेवा. हा फरक कळला की टप्प्यातला अर्धा गुंता सुटतो.

पाचवी: विशेषणं. 'थंडी पडायला लागली' यासाठी छूप्ता (थंड असणे) घेऊन 'छूप्कि शिजाखेस्सॉयो' असं लिहितात. थंड असणं ही स्थिती आहे, तिला आधी 'होत जाणे'मध्ये बदलावं लागतं: छूवॉजिदा. मग 'नाल्श्शिगा छूवॉजिगि शिजाखेस्सॉयो'. गरम होणं म्हणजे तॉवॉजिदा, चांगलं होत जाणं म्हणजे चोआजिदा. एक अपवाद रोज लागतो, तो पाठच करा: दुखणे, आफुदा. 'मॉरिगा आफुगि शिजाखेस्सॉयो', डोकं दुखायला लागलं. इथे मधला 'जि' नको.

हादाने संपणाऱ्या क्रियापदांना दोन रस्ते आहेत. 'अभ्यास करायला लागलो' हे 'कोंगबूहागि शिजाखेस्सॉयो' असंही होतं आणि 'कोंगबूरुल शिजाखेस्सॉयो' असंही. दुसरा रस्ता सुटसुटीत आहे, तोच धरा. नोकरीसाठी आणखी एक तयार वाक्य घ्या: 'ह्वेसाए तानिगि शिजाखेस्सॉयो', म्हणजे कंपनीत जायला लागले. पुरुष असो की बाई, वाक्य बदलत नाही. लागलो, लागले, लागली हा विचारच इथे करावा लागत नाही.

सावधान: 'मला जावं लागतं'मधला 'लागणे' वेगळा. तो सक्तीचा आहे. तिथे 'गि शिजाखादा' लावू नका.

## टप्पा ५: काळ आणि नकार

काळाची रूपं थोडकी आहेत. शिजाखेयो (सुरू करते, होतं), शिजाखेस्सॉयो (केलं, झालं), शिजाखाल् कॉयेयो (करणार आहे). यात फार वेळ घालवू नका.

नकारावर मात्र थांबा. कोरियनमध्ये नकाराचा 'आन' क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून नवशिके 'आन शिजाखेस्सॉयो' म्हणतात. शिजाखादा हे नाम आणि हादा यांच्या जोडीतून बनलेलं आहे. अशा क्रियापदांत 'आन' मध्ये शिरतो: 'शिजाक आन हेस्सॉयो'. अजून सुरू केलं नाही म्हणजे 'आजिक शिजाक आन हेस्सॉयो'. लेखी भाषेत 'शिजाखाजि आनास्सॉयो'. 'सुरू करता आलं नाही' म्हणायचं असेल तर 'शिजाखाजि मोथेस्सॉयो'.

'करायला लागला नाही' या मराठी वाक्यापाशीही सांभाळा. 'गि'च्या आधी आन घालून 'पिगा आन ओगि शिजाखेस्सॉयो' बनवू नका. पाऊस थांबला, असं म्हणायचं असेल तर 'पिगा कुछ्यॉस्सॉयो' हे स्वतंत्र क्रियापद आहे.

## टप्पा ६: समोर कोण आहे ते पाहून शेवट निवडा

इथे चूक झाली तर व्याकरणाला धक्का लागत नाही, माणसाला लागतो. रांजणगाव, तळेगाव, चाकण भागातल्या कोरियन कंपन्यांत दुभाष्याचं काम करणाऱ्यांनी हा टप्पा मनापासून घोटावा.

बरोबरीच्या मित्राला: शिजाखे (सुरू कर), शिजाखाजा (सुरू करू या).

ओळखीच्या, पण आदर राखायच्या माणसाला: शिजाखासेयो (सुरू करा), शिजाखाल्कायो? (सुरू करू या का?).

सभेत, वर्गासमोर, सादरीकरणात: 'ह्वेइरुल शिजाखागेस्सुम्निदा', आता बैठक सुरू करतो.

सावधान: शिजाखाप्शिदा हे पाठ्यपुस्तकात आदरार्थी रूपांच्या तक्त्यात असतं, म्हणून लोक ते साहेबांना वापरतात. 'चला, करू या' असा त्याचा सूर आहे, तो बरोबरीच्यांच्या गटात किंवा वरच्याने खालच्यांना लावायचा. वरिष्ठांना विचारायचं असेल तर शिजाखाशिल्कायो? किंवा शिजाखाशिजो म्हणा. परवानगी हवी असेल तर 'शिजाखेदो त्वेयो?', म्हणजे सुरू केलं तर चालेल का.

आणखी एक जोडी इथेच उरकून घ्या. शिजाखाल्केयो आणि शिजाखाल् कॉयेयो, दोन्हीचा अर्थ आपण 'सुरू करतो' असाच लावतो. पहिल्यात समोरच्याला दिलेला शब्द आहे: 'चिगुम शिजाखाल्केयो', हा घ्या, आत्ताच सुरू करतो. तो फक्त स्वतःबद्दल वापरता येतो. दुसऱ्यात बेत किंवा अंदाज आहे आणि तो कोणाबद्दलही चालतो. 'तास उद्या सुरू होईल' या वाक्याला केयो लावू नका, तास काही शब्द देत नाही.

## टप्पा ७: लिहून तपासा

दोन शुद्धलेखनाच्या चुका इतक्या पसरलेल्या आहेत की कोरियन लोकही त्या करतात.

पहिली त्वेदाची. उच्चार दोन्हीकडे 'त्वे', लिपीत मात्र दोन रूपं आहेत. एकात ओच्या जोडीला साधी उभी रेघ, म्हणजे इ. दुसऱ्यात ओच्या जोडीला दोन रेघांचा ए. ओळखायची युक्ती कोरियन शाळेतली मुलंही वापरतात. त्या जागी हादा घालून पाहा. 'हा' बसत असेल तर इवालं रूप, 'हे' बसत असेल तर एवालं. शिजाखागो बरोबर वाटतं, म्हणून शिजाक्त्वेगोमध्ये इवालं. शिजाखेयो बरोबर वाटतं, म्हणून शिजाक्त्वेयोमध्ये एवालं. भूतकाळात शिजाखेस्सॉयो, म्हणून तिथेही एवालं.

दुसरी केयोची. शिजाखाल्केयो ऐकताना क ताठ ऐकू येतो, म्हणून लोक जोड-कियॉक लिहितात. लिहायचा एकच कियॉक. प्रश्नार्थक शिजाखाल्कायोमध्ये मात्र जोड-कियॉकच आहे.

आणि जागा सोडायला विसरू नका. शिजाखादा हा एक शब्द आहे, तुटत नाही. 'ओगि शिजाखेस्सॉयो'मध्ये 'गि'नंतर जागा हवी.

## ओळख करून देताना लागणारं वाक्य

कोरियन माणूस भेटला की हमखास विचारतो, भाषा कधीपासून शिकता? उत्तराला दोन साचे आहेत. 'यॉसॉत ताल चॉने शिजाखेस्सॉयो', सहा महिन्यांपूर्वी सुरू केलं. किंवा 'हान्गूगॉ कोंगबूरुल शिजाखान जि यॉसॉत ताल त्वेस्सॉयो', सुरू करून सहा महिने झाले. चूक होते ती दोन्ही एकत्र केल्यावर. 'शिजाखान जि' म्हटलं की 'चॉने' यायला नको, आणि शेवट त्वेस्सॉयोनेच व्हायला हवा. 'जि'च्या आधी नेहमी 'शिजाखान', कधीही 'शिजाखाल' किंवा 'शिजाखानुन' नाही.

## शेवटची तपासणी

खालची वाक्यं आधी स्वतः कोरियनमध्ये करा, मगच उत्तरं पाहा. प्रत्येक वाक्य पहिल्या टप्प्यातून गाळून घ्या.

1. एसी सुरू करा.
2. उन्हाळ्याची सुट्टी सोमवारपासून सुरू होते.
3. बाळ चालायला लागलं.
4. बैठक सुरू आहे.
5. मी अजून गृहपाठ सुरू केलेला नाही.
6. हवा गरम व्हायला लागली.
7. तास सातला सुरू होऊन नऊला संपतो.

उत्तरं:

1. एऑखॉनुल ख्यॉ जूसेयो. यंत्र आहे, शिजाखादा नाही.
2. यॉरुम पांगहागि वॉर्योइल्बूथॉ शिजाक्त्वेयो.
3. आगिगा कॉत्कि शिजाखेस्सॉयो. 'कॉरॉगि' लिहिलं असेल तर चौथ्या टप्प्यातली दुसरी चूक पुन्हा वाचा.
4. ह्वेइ चूंगिएयो.
5. आजिक सूक्चेरुल शिजाक आन हेस्सॉयो.
6. नाल्श्शिगा तॉवॉजिगि शिजाखेस्सॉयो.
7. सूऑबि इल्गोप श्शिए शिजाखेसॉ आहोप श्शिए क्कुन्नायो. इथे शिजाक्त्वेसॉही चालेल. कुठलंही घ्या, पण 'सूऑबि'चं 'सूऑबुल' केलं असेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा.